आई स्वामींशी बोलते म्हणून ती भ्रमिष्ट ठरते का?

प्रश्न: मी २९ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॉलेजपासून देव मानत नाही. आई-वडील गावी, सोलापूर जिल्ह्यात. वडील माळकरी, वारी चुकवत नाहीत. आई ५८ वर्षांची, स्वामी समर्थांची भक्त. हल्ली ती म्हणते की स्वामी माझ्याशी बोलतात. मी डिल्यूजनची, म्हणजे भ्रमाची, व्याख्या वाचली: उलट पुरावा समोर ठेवला तरी जो हलत नाही असा ठाम समज. ही व्याख्या धर्माला तंतोतंत लागू पडते. मग केवळ कोट्यवधी लोक मानतात म्हणून त्याला आजार म्हणायचं नाही, हा तुम्हा मानसोपचारवाल्यांचा भित्रेपणा नाही का? आम्ही नास्तिकांनी श्रद्धाळू माणसाकडे भ्रमाचा रुग्ण म्हणूनच पाहायला नको का? (जाता जाता: आईने दिवाळीपासून थायरॉइडची गोळी बंद केली आहे. स्वामींनी सांगितलं म्हणे.)

उत्तर:

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही कंसात टाकला आहे. माझं उत्तर लांबलंय, म्हणून आधीच सांगतो: घाईत असाल तर शेवटचे चार परिच्छेद आधी वाचा, आईला फोन करा आणि मग बाकीचं सवडीने वाचा.

आता मूळ प्रश्न. माझी बाजू उघड करून टाकतो. मी देव मानत नाही. प्रॅक्टिस सोलापुरात, त्यामुळे गळ्यात तुळशीची माळ, दंडाला पीराचा ताईत, खिशात अक्कलकोटच्या अंगाऱ्याची पुडी असलेली माणसं माझ्याकडे रोज येतात. नास्तिक भेटायचा तर फार तर एखादा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, आणि त्याच्याही बाइकला लिंबू-मिरची लटकत असते. तेव्हा मी श्रद्धाळूंचा वकील नाही, पण त्यांना आतून-बाहेरून पाहिलेलं आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. श्रद्धा चूक आहे, निराधार आहे, काही वेळा घातक आहे, असं तुम्ही खुशाल म्हणा, मीही म्हणतो. ती भ्रम आहे असं मात्र म्हणू नका. हे मी सभ्यपणापोटी सांगत नाही. ते निदान चुकीचं आहे.

तुम्ही वाचलेली व्याख्या बहुधा अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या ग्रंथाच्या २०१३ च्या आवृत्तीवरून आलेली आहे. १९९४ च्या आवृत्तीतली व्याख्या जास्त लांबलचक होती. तो समज त्या माणसाच्या संस्कृतीतल्या इतरांना सर्वसाधारणपणे मान्य नसलेला असावा अशी त्यात अट होती, आणि कंसात उदाहरण दिलं होतं धर्मश्रद्धेचंच. तुम्ही बोट ठेवलंय ते या सवलतीवर. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ती लंगडी आहे हे मला मान्य आहे. एकट्याने मानलं तर वेड आणि गावाने मानलं तर धर्म, हा टोमणा व्याख्या लिहिणाऱ्यांनी स्वतःहून ओढवून घेतला आहे. पण ती अट तिथे का आली हे पाहिलं तर भित्रेपणाचा आरोप टिकत नाही. भ्रमाचं निदान करताना समज खरा की खोटा हे आम्ही मुळात ठरवतच नाही.

तुम्हाला हे पटायला जड जाईल, म्हणून एक उदाहरण देतो (तपशील बदलले आहेत, पुढच्याही उदाहरणांत). एका गृहस्थाला त्याचा भाऊ घेऊन आला. बायकोचं बाहेर प्रकरण आहे याबद्दल त्याला तीळमात्र शंका नव्हती. कशावरून? तर रोज सकाळी ती दुधाची पिशवी ओट्यावर डावीकडे ठेवते आणि गुरुवारी उजवीकडे. ‘डॉक्टर, गुरुवारीच का? तुम्हीच सांगा.’ आता समजा पुढेमागे कळलं की त्या बाईचं खरोखरच कुणाशी तरी होतं. तरी या माणसाचा भ्रम भ्रमच राहतो. दुधाच्या पिशवीवरून हा निष्कर्ष निघतच नाही, आणि त्याला तो निघताना स्वच्छ दिसतो. म्हणजे समज खरा असूनही भ्रम असू शकतो, आणि खोटा असूनही भ्रम नसू शकतो. तुमचं-माझं अर्धं डोकं दुसऱ्या प्रकाराने भरलेलं आहे: शेअर बाजार, आवडता पुढारी, होमिओपॅथी, ‘आमच्या घराण्यात कुणाला शुगर नाही.’

कार्ल यास्पर्स या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९१३ मध्येच हे मांडून ठेवलं आहे. (पुढे तो तत्त्वज्ञ म्हणून गाजला.) भ्रमाच्या बाहेरून दिसणाऱ्या तीन खुणा त्याने सांगितल्या: विलक्षण खात्री, अनुभवाने किंवा युक्तिवादाने न हलणं, आणि अशक्य कोटीतला मजकूर. पण या वरवरच्या खुणा आहेत, हेही त्याने बजावलं. खरा भ्रम जिथून उगवतो ती जागा त्या माणसाच्या आयुष्यातून, स्वभावातून, परिस्थितीतून कितीही प्रयत्न केला तरी समजून घेता येत नाही. तुमच्या आईची श्रद्धा मात्र सहज समजून घेता येते. ती कुठल्या घरात वाढली, पहिल्यांदा अक्कलकोटला तिला कुणी नेलं, कुठल्या आजारपणात किंवा कर्जाच्या काळात तिने जपमाळ हातात घेतली, हे तुम्हीच मला अर्ध्या तासात सांगू शकाल.

माझ्या मते या वादातला सगळ्यात भक्कम पुरावा श्रद्धाळू लोकच देतात. एकदा करमाळ्याकडच्या एका गावातून जीप भरून माणसं आली. सगळी भजनी मंडळातली, कपाळाला बुक्का. मधे चाळिशीचा पखवाजवादक बसवलेला, डोळे लाल, तोंडाची टकळी चालू. कित्येक रात्री झोपलेला नव्हता. त्यांच्यातले वीणेकरी म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, आम्ही पण पांडुरंगाचीच माणसं. पण ह्याचं भजन आता भजन राहिलेलं नाही.’ म्हणजे नक्की काय, असं मी विचारलं. ‘हरिपाठ संपला तरी हा थांबंना. दुसऱ्याच्या हातचे टाळ हिसकून घेतो, म्हणतो टाळ खोटं बोलायलेत. आणि देवानं ह्याला सांगितलंय म्हणं, येत्या एकादशीला मूर्ती उठून जाणार, तिच्या जागी तू उभा राहा.’ त्यासाठी दीड एकर रान विकायचा सौदाही त्याने तोंडी करून टाकला होता.

या मंडळींपैकी कुणी मानसशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. विठ्ठल बोलतो, भक्ताच्या हाकेला धावून येतो, यावर त्यांचा पूर्ण विश्वास. तरीही आपल्यातल्या एकाचं बिनसलंय हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं आणि अचूक शब्दांत सांगितलं. ‘संस्कृतीत मान्य’ या अटीचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे: त्या श्रद्धेच्या आत राहणाऱ्यांना विचारा, त्यांना फरक कळतो. मतांची मोजणी करून सत्य ठरवणं हा तिचा हेतू नाही.

त्या पखवाजवाल्याला उन्मादाचा झटका आला होता. लिथियम आणि झोपेची व्यवस्था यावर काही आठवड्यांत तो जमिनीवर आला. मूर्तीच्या जागी उभं राहण्याची गोष्ट निघाली की ओशाळून हसायचा. पुढच्या एकादशीला तो पुन्हा पखवाज घेऊन भजनाला बसला. औषधाने त्याचा उन्माद गेला. विठ्ठल होता तिथेच राहिला. तुम्ही इंजिनियर आहात, तेव्हा याचा जरा विचार करा. श्रद्धा हा भ्रमच असता तर भ्रमावरच्या औषधाने तो थोडा तरी हलायला हवा होता. माझ्याकडे औषधं घेऊन बऱ्या झालेल्या श्रद्धाळू रुग्णांमध्ये श्रद्धाही ‘बरी’ झालेला एकही मला आठवत नाही. उलट आजारात देवाचा धाक बसलेली माणसं बरी झाल्यावर निवांतपणे देवळात जाताना दिसतात.

भ्रमाचा विषय हा आजाराचा गाभा नसतो, हेही इथे लक्षात घ्या. मी शिकत होतो तेव्हा छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) रुग्ण करणी, मुंज्या, भानामती यांबद्दल बोलायचे. ते आजही बोलतात, पण आता बरोबरीने मोबाईलमधून विचार चोरणारे, दातात चिप बसवणारे, सीसीटीव्हीतून खुणा करणारेही असतात. आजार हाताला लागेल तो मजकूर उचलतो. पूर्वी देव आणि भूत हाताशी होते, आता मोबाईलचा टॉवर आहे. त्यामुळे देव दिसला म्हणून भ्रम म्हणायचं, तर टॉवर दिसला म्हणून विज्ञानालाही म्हणावं लागेल.

‘पण ती आवाज ऐकते’ असं तुम्ही म्हणाल. आवाज ऐकू येणं याला आम्ही भास म्हणतो, आणि भास म्हणजे वेड असं सरसकट समीकरण नाही. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या २९३ माणसांना विचारून १९७१ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या नवऱ्याचा किंवा बायकोचा भास झालेला होता: कुणाला अस्तित्व जाणवलं, कुणाला दिसलं, कुणाला आवाज आला. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि पुष्कळांना त्याचा आधारच वाटला होता. आपल्याकडेही सासू गेल्यावर तिची काठी टेकल्याचा आवाज येतो असं सांगणाऱ्या सुना काही कमी नाहीत. त्या स्वयंपाक करतात, हिशेब ठेवतात, नातवंडं सांभाळतात.

या संदर्भात ब्रिटनमधला १९९९ चा एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. इमॅन्युएल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी हरे कृष्ण आणि ड्रुइड (निसर्गपूजक) अशा पंथांतल्या लोकांची मनोरुग्णालयातल्या सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर आजाराच्या, रुग्णांशी तुलना केली. भ्रमसदृश विचार किती आहेत असं नुसतं मोजलं तर पंथातले लोक रुग्णांच्या जवळपास जात होते. तुमच्या व्याख्येने दोघेही आजारी. पण त्या विचारांनी किती त्रास होतो आणि दिवसभर डोकं किती व्यापलेलं राहतं, हे विचारल्यावर दोन्ही गट वेगळे झाले. म्हणून आम्ही ओपीडीत ‘काय मानता?’ यापेक्षा जास्त वेळ ‘त्याचं तुमच्या झोपेला, जेवणाला, कामाला, माणसांना काय झालं?’ यावर घालवतो.

कागदावर फरक स्वच्छ दिसतो, वॉर्डात तितका नाही. मी सम्राट आहे असं ठामपणे सांगणारा रुग्ण दुपारी मुकाट्याने फरशी पुसतो, हे ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच टिपलं आहे. म्हणजे भ्रमाचा माणूसही दुहेरी वही ठेवतो, एक भ्रमाची, एक व्यवहाराची. आणि अतिश्रद्धाळू माणसात मंत्रचळ (ओसीडी) लपलेला असेल तर तो वर्षानुवर्षं ‘भारी सोवळं आहे हो त्यांचं’ म्हणून खपून जातो. पूजा करताना मनात घाणेरडे विचार येतात म्हणून चाळीस वेळा आंघोळ करणाऱ्या माणसाला मी पाहिलं आहे. घरच्यांना ते पुण्य वाटत होतं.

आता ‘पुराव्याने न हलणारा’ या शब्दांकडे या. श्रद्धा हलत नाही हे खरं आहे का? २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध पिऊ लागला. लोकांनी रांगा लावल्या, मूर्तीच्या सोंडेला चमचे लावले. पृष्ठताणाने दूध ओढलं जाऊन खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं आणि ते प्रकरण दिवसा-दोन दिवसांत विरलं. लोक चुकले होते. पण त्यांनी डोळ्यांनी पाहून निष्कर्ष काढला होता, आणि उत्साह ओसरल्यावर घरी गेले. भ्रमाच्या रुग्णाला असं प्रात्यक्षिक दाखवा, तो म्हणेल रंग तुम्हीच टाकला, आणि तुम्हाला कुणी पाठवलंय तेही मला माहीत आहे.

याहून मोठं उदाहरण नागपूरचं आहे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर दोन दशकं विचार, वाचन, धर्मांची तुलना, सभा, वाद चालले. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी धर्म बदलला, आणि ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा जाहीरपणे घेतली. जुने देव काही घरांतून लगेच गेले, काहींतून हळूहळू. कसंही असो, माणसं विचार करून, एकमेकांशी बोलून, नेत्याचं ऐकून आपली श्रद्धा सोडू शकतात, बदलू शकतात. तुम्ही स्वतः कॉलेजात सोडलीत, ती काय गोळी घेऊन?

भ्रम असा सुटत नाही. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलँटीच्या मनोरुग्णालयात स्वतःला येशू ख्रिस्त समजणारे तीन रुग्ण १९५९ पासून दोन वर्षं एकत्र ठेवले. त्याला वाटलं, समोर दुसरे दोन ख्रिस्त पाहून तिघांची गाडी रुळावर येईल. तसं काही झालं नाही. प्रत्येकाने बाकीच्या दोघांचं काहीतरी स्पष्टीकरण शोधलं आणि स्वतः ख्रिस्तच राहिला. (तो प्रयोग आज कुठलीच नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि पुढे रोकीचलाही त्याची टोचणी लागली.)

मोठ्या नावांचं थोडक्यात उरकतो, कारण त्यांचा आधार दोन्ही बाजू घेतात. फ्रॉइडने १९२७ मध्ये धर्माला इच्छेतून जन्मलेली समजूत म्हटलं आणि ती भ्रमाहून वेगळी धरली. तीनच वर्षांनी तोच धर्माला सामूहिक भ्रम म्हणू लागला. रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ मध्ये पुस्तकाच्या नावातच डिल्यूजन हा शब्द घातला. ते प्राणिशास्त्रज्ञ आहेत, वादपटू आहेत, आणि नाव खपणारं आहे. रुग्ण तपासणं हे त्यांचं काम नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या स्वार्थाची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम वाचा. एखाद्याच्या समाजात रूढ असलेल्या धार्मिक श्रद्धांशी, नैतिक किंवा राजकीय मूल्यांशी तो जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कलमात धार्मिक गटाचं सदस्यत्व हाही आधार चालत नाही. म्हणजे हे कलम तुमच्या आईला जितकं सांभाळतं तितकंच तुम्हाला. ‘पोराला देवधर्म नाही, डोक्यावर परिणाम झालाय, काहीतरी द्या’ म्हणून तरुणांना माझ्याकडे आणणारे पालकही असतात. बहुसंख्येच्या हातात ‘श्रद्धा हा आजार’ हे हत्यार दिलं तर ते फिरून कुणावर चालेल याचा हिशेब नास्तिकाने तरी करावा.

आणि नुकसान खऱ्या रुग्णांचं होतं. गावाकडचं कुटुंब मुलाला पहिल्यांदा माझ्याकडे आणत नाही. आधी देवऋषी, मग दर्गा, मग कुठलं तरी ‘जागृत’ ठिकाण, आणि वर्ष-दीड वर्ष गेल्यावर मी. त्यांना पहिल्याच भेटीत ‘तुमची श्रद्धाच वेडेपणा आहे’ असं ऐकवलं तर ते पुन्हा येत नाहीत, आणि मुलगा साखळीला परत जातो. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. हा श्रद्धेच्या नावाखाली चाललेला गुन्हा होता. पण त्याच तमिळनाडूत एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास रघुराम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. ते तिथे सरासरी सहा आठवडे राहिले, औषध नाही, खास विधीही नाहीत. लक्षणांच्या मोजपट्टीवर सुमारे एक पंचमांश सुधारणा दिसली. अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गट नव्हता. फार भार टाकण्यासारखा नाही. पण निवारा, दिनक्रम आणि कुणी हिडीसफिडीस न करणं याचा परिणाम होतो, एवढं मला त्यातून घ्यायला हरकत वाटत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरच लोकांना शेजारच्या मानसोपचार केंद्राकडे पाठवतात, दवा आणि दुवा दोन्ही. माझ्यासारख्याला हे पाहून थोडं चुकचुकतं, पण रुग्ण लवकर पोचतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हा भेद आयुष्यभर सांभाळला. देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे, असं ते सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा पाहा: तो श्रद्धेला हात लावत नाही, कृत्यांना लावतो. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा. वारी, कीर्तन, भजन यांना स्पष्ट सूट. काही नास्तिक मित्रांना ही तडजोड वाटते. मला ती नेमकी रेघ वाटते.

माझं म्हणणं ज्याने अडचणीत येतं ते प्रकरणही सांगायला हवं. दिल्लीत बुराडीला २०१८ मध्ये एकाच घरातली ११ माणसं मृत सापडली, त्यातली दहा गळफासाला लटकलेली. घरात वर्षानुवर्षं लिहिलेल्या वह्या मिळाल्या, त्यात वारलेल्या वडिलांच्या नावे सूचना होत्या. शेजाऱ्यांच्या लेखी ते सालस, देवभोळं कुटुंब होतं. ‘आतल्या लोकांना फरक कळतो’ हे माझं सूत्र तिथे लटकं पडलं, कारण आत दुसरं कुणी नव्हतंच. सगळं दाराआड, एका माणसाच्या तोंडून. त्यामुळे देवाचा निरोप कुणापासून लपवला जातोय का, हा प्रश्न मी आता नेहमी विचारतो.

आता तुमची आई. ‘स्वामी माझ्याशी बोलतात’ या वाक्याचा मला एकट्याचा काहीच अर्थ लागत नाही. अक्कलकोटच्या परिसरात ते वाक्य मी भाजीवालीकडूनही ऐकतो. पण तुम्ही ‘हल्ली’ असं लिहिलंय, आणि दिवाळीपासून गोळी बंद असंही लिहिलंय. यातलं आधी काय झालं ते शोधा. स्वामींनी सांगितलं म्हणून गोळी बंद झाली, की गोळी आधीच कधीतरी सुटली आणि मग स्वामी बोलू लागले? वडिलांना विचारा, औषधाच्या दुकानातली जुनी बिलं पाहा, डब्यातल्या स्ट्रिपा मोजा. हे एवढं का, तर थायरॉइड संप्रेरक फार कमी झालं की माणूस मंदावतो, विसरतो, उदास होतो, आणि क्वचित सरळ भास-भ्रम सुरू होतात. रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये असे १४ रुग्ण नोंदवले होते. थायरॉइडचं औषध सुरू केल्यावर यातले बरेचसे रुग्ण सुधारतात.

आवाज जाड झालाय का, थंडी सोसत नाही का, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, दिवसभर पेंग? या आठवड्यात टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, सोबत बी-१२ आणि साखर. कान तपासा, ऐकू कमी येणाऱ्यांना आवाजांचे भास जास्त होतात. गोळी किती मात्रेने परत सुरू करायची ते तिच्या डॉक्टरला ठरवू द्या, विशेषतः हृदयाचा काही त्रास असेल तर. दोन-चार दिवसांतच ती गोंधळल्यासारखी झाली, वेळ-जागा चुकू लागली, तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना. स्वामी तिला बोलावून घेतायत, किंवा कुणाला इजा कर, जेवू नको असं सांगतायत, तरीही तेच. रात्री-अपरात्री अडलात तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

तिच्याशी बोलताना स्वामी आहेत की नाहीत हा विषय काढू नका. तो वाद तुम्ही जिंकलात तरी गोळी पोटात जाणार नाही. तिला विचारा की स्वामी कधी बोलतात, जपाच्या वेळीच की भांडी घासतानाही? काय म्हणतात? आवाज कानाने येतो की मनात उमटतो? तो धीर देणारा आहे की दटावणारा? आणि मुख्य म्हणजे मधेच अडवू नका. नास्तिक मुलाने तिला याबद्दल कधी धड विचारलेलंच नसणार.

मग वडिलांना सांगा, मठातल्या ज्या सेवेकरी काकूंना ती मानते त्यांना घरी बोलवा. त्या म्हणतील, ‘अहो वहिनी, स्वामी कधी औषध बंद करायला सांगतात होय? गोळी घ्या आणि वर तीर्थ घ्या.’ ती मान डोलावून गोळी घेऊ लागली, तर तुमच्या आईकडे श्रद्धा आहे आणि तुम्हाला तिच्याशी वाद घालायला उरलेलं आयुष्य पडलं आहे. पण ती जर म्हणाली, ‘त्यांना काय कळतंय, स्वामी फक्त मलाच सांगतात, आणि या बाईलाही त्यांनीच माझी परीक्षा घ्यायला पाठवलंय’, तर तिला घेऊन या. टीएसएचचा रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत असू द्या, आणि वडिलांनाही आणा. ती रोज कशी वागते हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.